वजन आलं नाही

परतूरच्या मोंढ्याकडं, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजाराकडं, वळायच्या आधी मूलचंद शेठचा वजनकाटा लागतो. कागदोपत्री तो मूलचंद शेठचा, बाकी वाटूरपासून मंठ्यापर्यंत कुणालाही विचारा, तो काकासाहेबांचा काटा. शेठला याचं वाईट वाटत नव्हतं. आपल्या नावापेक्षा माणसाच्या नावावर गाड्या येत असतील तर येऊ द्याव्यात, एवढं शहाणपण त्यांच्याकडं होतं. चार पिढ्यांपूर्वी घराणं मारवाडातून इथं आलं ते काही हवापालटाला आलं नव्हतं.

काकासाहेबांची रीत अशी होती. गाडी पत्र्यावर चढली, की मालकानं नाहीतर ड्रायव्हरनं खाली उतरून खिडकीशी यायचं. आत टेबलावर एक डबा, त्यात लाल आकडा उमटायचा. तो आकडा ज्याची गाडी त्यानं स्वतःच्या तोंडानं मोठ्यानं बोलायचा, मग काकासाहेब तो कॉम्प्युटरात टाकणार आणि पावती छापून हातात देणार. तुझं वजन तुझ्या तोंडानं बोल, उद्या माझ्या नावानं बोंब नको, असं ते प्रत्येकाला हसत सांगायचे. दुसऱ्या काट्यांवर लोक टाचा उंच करून आकडा बघायचे आणि आतला माणूस डबा फिरवून ठेवायचा. इथं सगळं उलटंच. असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकलं की काकासाहेब घाईनं पुढच्या गाडीला हाक मारायचे.

कारण खरी गोष्ट ही होती, की काकासाहेबांना तो आकडा दिसतच नव्हता.

पहिली वीस वर्षं ते स्वतःच वाचायचे, चष्म्याशिवाय. मग साखरेनं डोळ्यांचे पडदे धरले. जालन्याच्या डॉक्टरनं डोळ्यात सुया दिल्या, लेझर मारलं, आणि शेवटी सांगितलं की गेलं ते गेलं, राहिलेलं सांभाळा. राहिलेलं म्हणजे कडेकडेचं. चालत आलेला माणूस कळायचा, गाडी कळायची, दार कळायचं, पण ज्याच्याकडं नीट बघावं नेमकं तेच जागेवरून नाहीसं व्हायचं आणि तिथं मळकट डाग उरायचा. तोंडानं आकडा बोलायची रीत निघाली ती तेव्हा, दोन वर्षांपूर्वी. कीबोर्ड बोटांना पाठ होता. ज्याला लोक इमानदारी म्हणत होते ती निव्वळ लाचारी होती, हे त्यांच्या बायकोला, एकट्या पुष्पाबाईंना ठाऊक होतं.

पुष्पाबाई रोज जेवणाचा डबा हातात देताना म्हणायच्या, शेठला सांगून मोकळे व्हा. हे म्हणायचे, उद्या. पोरगा कमावता होता, घरात काही अडलेलं नव्हतं. अडलं होतं ते दुसरंच. त्या खुर्चीतून उठल्यावर आपण कोण, हा प्रश्न काकासाहेबांना पडायचा आणि उत्तर यायचं नाही. काट्यावरचा माणूस काट्यावर असतो तोवर काकासाहेब, घरी बसला की नुसता म्हातारा.

तर असं सगळं झाकपाक चाललेलं असताना दिवाळीच्या आधी तो जुना कॉम्प्युटर आजारी पडला. सुरू व्हायला अर्धा तास घ्यायचा आणि मध्येच मुका व्हायचा. शेठची नात रुचि पुण्याला कॉम्प्युटरचं शिकून आता घरूनच नोकरी करत होती. तिनं कॉम्प्युटर उघडून बघितला आणि आजोबांना सांगितलं, की नवीन विंडोज याच्यावर बसणार नाही आणि जुन्या विंडोजला आता कंपनीच विचारत नाही. एक तर नवीन मशीन घ्या, नाहीतर मी यावर लिनक्स टाकते. ते फुकट असतं, जगभरातली माणसं मिळून बनवतात, आणि असल्या म्हाताऱ्या मशीनवर पळतं. फुकट ते पौष्टिक, असं शेठ आयुष्यभर म्हणत आले होते, त्यामुळं त्यांना नाही म्हणता येईना. पण जे कुणाच्या मालकीचं नाही ते बिघडलं तर गचांडी कुणाची धरायची, ही शंका त्यांनी तेव्हाच बोलून दाखवली होती.

रुचिनं लिनक्स टाकलं, वर पावत्यांसाठी स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला. आणि तिनं आणखी एक केलं. लाल आकड्याच्या डब्यापासून कॉम्प्युटरपर्यंत एक वायर ओढली. "काका, आता काही टाइप करायचं नाही," ती म्हणाली. "आकडा आपोआप येतो. तुम्ही फक्त छापायचं बटण दाबा." काकासाहेबांना वाटलं, चला, देव पावला. आता डोळे असले काय अन् नसले काय. त्या दिवशी ते घरी जाताना पेढे घेऊन गेले आणि पुष्पाबाईंनी विचारलं तरी कशाचे ते सांगितलं नाही.

चार दिवस सुरळीत गेले. पाचव्या दिवशी एक ड्रायव्हर पावती घेऊन गेला तसा परत आला, म्हणाला, काका, हे माझं वजन न्हाई, हे माझ्या पुढच्या गाडीचं हाय. काकासाहेबांनी पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तेच. मग रुचिला फोन, मग बंद करून चालू, आणि आकडा गुमान आला. दोन दिवस बरा. तिसऱ्या दिवशी लाइट गेली, आली, आणि पुन्हा आधीच्या गाडीचं वजन. कधी लाइट जाऊन आली तरी बराबर, कधी लाइट गेली नाही तरी सकाळी चालू केल्यापासून गायब. याला काही ताळमेळच नव्हता.

मग काय, प्रत्येकाचं एकेक निदान. ड्रायव्हर मंडळींनी लिंबू-मिरची बांधली. शेठ म्हणाले, फुकटच्याचा भरवसा धरू नये. समोरचा झेरॉक्सवाला म्हणाला, लिनक्सला प्रिंटर चालत नाही, स्कॅनर चालत नाही, काहीच चालत नाही, त्याच्या मावसभावानं टाकून बघितलं होतं. रुचि म्हणाली, प्रिंटर तर पहिल्याच झटक्यात ओळखला, वायफाय ओळखलं, एवढी एक वायरच का रुसते ते बघते. आणि काकासाहेबांचा गोंधळ तर सगळ्यांहून मोठा. बाकीच्यांना निदान एवढं ठाऊक होतं, की बिघाड मशीनमध्ये आहे. यांना तेही सांगता येईना. पडदा कोरा आहे का आपला डोळा कोरा आहे? आकडा आला नाही का आला आणि डागाखाली गेला? कधी मान वाकडी करून बघायचे, कधी नाक पडद्याला टेकवायचे, आणि उजेडाच्या पांढऱ्या चौकोनापलीकडं काही हाती लागायचं नाही. डोक्याचा नुसता भुगा व्हायचा.

आणि त्यातच भुजंग आला.

भुजंग वाटूरचा, काकासाहेबांच्याच वयाचा, बोलायला फटकळ. कापसाची ट्रॉली घेऊन आला, खिडकीशी उभा राहून जुन्या सवयीनं छप्पन्न चाळीस म्हणून ओरडला, म्हणजे छप्पन्न क्विंटल चाळीस किलो. काकासाहेबांनी ऐकलं, मान डोलावली, आणि बटण दाबलं. आकडा आपोआप येतो ना, मग टाकायचा कशाला. भुजंग माल उतरवून रिकामी ट्रॉली घेऊन आला तोवर लाइट जाऊन आली होती, तिचं वजन बराबर आलं, पक्की पावती घेऊन व्यापाऱ्याकडं गेला. व्यापाऱ्यानं पावती वाचली तेव्हा कळलं, भरल्या गाडीचं वजन छापलंय बावन्न पंधरा. सव्वाचार क्विंटल कापूस हवेत. व्यापारी म्हणाला, मी पावतीला ओळखतो, तुझ्या ओरडण्याला नाही.

भुजंग तडक काट्यावर आला नाही, मोंढ्यात गेला. चहाच्या टपरीवर उभा राहून दहा माणसांत म्हणाला, की मी तोंडानं आकडा बोललो, त्यानं कानानं ऐकला, अन् दुसराच छापला. काकासाहेब बी विकला गेला.

हे संध्याकाळच्या आत काकासाहेबांच्या कानावर आलं. बावीस वर्षांत त्यांना कुणी असं म्हटलं नव्हतं. जेवण गेलं नाही. रागही धड येईना, कारण भुजंगाचं खोटं काय होतं? बोललाही तो होता, ऐकलंही यांनीच होतं.

दुसऱ्या दिवशी शेठनी काकासाहेब आणि रुचि दोघांना समोर घेतलं. रुचिनं एकच गोष्ट विचारली. वायरमधून आकडा आला नाही तर त्या जागी लाल अक्षरात 'वजन आलं नाही' असं उमटतं, ते मीच घातलंय. काका, ते उमटलं होतं का?

काकासाहेबांनी मान हलवली. "न्हाई," ते म्हणाले. "काही उमटलं न्हाई."

आता हे खोटं होतं का? काकासाहेबांचा स्वतःचाच निवाडा होईना. उमटलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं हे सोळा आणे खरं. पण पाहिलं नाही आणि उमटलं नाही यात किती अंतर आहे, हे त्यांच्याइतकं परतूर तालुक्यात कुणाला ठाऊक होतं? शेठनी मात्र निकाल देऊन टाकला. काकासाहेब बावीस वर्षांत खोटं बोलले नाहीत, म्हणजे मशीन खोटं. रुचि, हे तुझं फुकटचं काढ, नवीन मशीन आण, आणि भुजंगाला बोलावून तू स्वतः त्याची माफी माग. रुचिचं तोंड एवढंसं झालं. तिनं तीन दिवस मागितले.

ते तीन दिवस ती काकासाहेबांच्या शेजारी स्टूल टाकून बसली. आपली नोकरी सांभाळून, मांडीवर लॅपटॉप घेऊन. वायर का रुसते हे एक शोधायचं होतंच, पण त्याहून जास्त वेळ ती दुसऱ्याच गोष्टीच्या मागं लागली. लाल अक्षरं का उमटली नाहीत? तिनं पंचवीस वेळा वायर उपटून बघितली, पंचवीसही वेळा अक्षरं उमटली. मग त्या दिवशीच का नाही? ती स्वतःचा प्रोग्राम ओळ न ओळ वाचायची, डोकं धरून बसायची, म्हणायची, काका, मला वेड लागायची पाळी आली. काकासाहेब शेजारी बसून सगळं ऐकत होते. नसलेली चूक पोरगी शोधून राह्यली, आणि ती आपण तिच्या गळ्यात घातली, हे त्यांना कळत होतं. पाळण्यातली असल्यापासून पाहिलेली पोर. दर घटकेला वाटायचं, आता सांगावं. जीभ उचलायची नाही. स्वतःचीच इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी रुचि एकदम ताठ बसली. मग हसायलाच लागली.

"काका, सापडलं," ती म्हणाली. "हे मशीन समजतंय की इथं आंधळा माणूस बसलाय."

काकासाहेबांच्या हातातला पाण्याचा तांब्या टेबलावर आडवा झाला.

रुचि पाणी पुसत, आपल्याच नादात सांगत राहिली. आंधळ्या माणसांसाठी एक यंत्र असतं, पडद्यावरची अक्षरं बोटांखाली टिंबांसारखी उठवून दाखवणारं. त्यातल्या एका जातीत जो बारीक तुकडा, म्हणजे चिप, असतो, तोच या वायरच्या टोकात आहे, बाजारात तो लाखांनी विकला जातो. लिनक्स तेवढी खूण बघतं आणि म्हणतं, आंधळ्याचं यंत्र आलं, त्याची सोय आधी. वायर ताब्यात घेतं आणि आकडा मधल्या मध्ये अडकतो. दर वेळी मशीन चालू होताना शर्यत लागते, कधी आपला प्रोग्राम आधी पोचतो, कधी ते. म्हणून कधी बराबर, कधी गायब. बनवणाऱ्यांनी चांगल्या मनानंच केलंय, पण...

"तुला कुणी सांगितलं?" काकासाहेबांनी विचारलं.

"कुणी म्हणजे? इथं नोंद आहे ना, हे बघा," म्हणून रुचिनं लॅपटॉप त्यांच्या पुढं केला.

काकासाहेबांनी बघितलं नाही. "मला दिसत न्हाई, पोरी," ते म्हणाले. "ते लाल अक्षर उमटलं असंल. बराबर उमटलं असंल. मला दोन वर्षं झाली, काहीच वाचता येत न्हाई."

रुचिचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं होतं, ते हळूहळू गेलं. मग तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं, असं काकासाहेबांना वाटलं. ती हलक्या आवाजात म्हणाली, की चूक तिचीही आहे, वजन आलं नाही तर जुना आकडा पुसून टाकायला हवा होता, छापूच द्यायला नको होतं. ते ती करते. ती आंधळ्यांची सोयही काढून टाकते, मग वायर रुसणार नाही. आणि आजोबांना तसंही मशीनचीच चूक वाटते. वाटू द्या. भुजंगकाकांची माफी मी मागते, तुम्ही बसा इथंच.

बघा, सुटका अशी ताटात वाढून समोर आली होती. काकासाहेबांनी क्षणभर हातही पुढं केला म्हणा ना. पण मग मोंढ्यातलं ते वाक्य आठवलं. मशीनची चूक म्हटलं तर अर्धे लोक विश्वास ठेवतील, अर्धे म्हणतील शेठनं माणूस वाचवला. चोर नाही हे सांगायचं तर आंधळा आहे हे सांगावं लागणार होतं, दुसरा रस्ता नव्हता. आणि दोन्हीतलं एकच पदरात घ्यायचं, तर त्यांना आंधळा चालणार होता.

माफीसाठी बोलावलेला भुजंग चारच्या सुमाराला आला. शेठ गादीवरून उठून काट्याच्या खोलीत आले. रुचिनं तोंड उघडायच्या आत काकासाहेब उभे राहिले.

"भुजंग, मशीननं आकडा पाठवला न्हाई, हे खरं हाय. पण न्हाई आला, असं पडद्यावर लिहून आल्तं. ते मला वाचता आलं न्हाई. साखरेनं माझे डोळे गेले, दोन वर्षं झाली. या पोरीची काही चूक न्हाई, अन् मी काही विकला गेलो न्हाई."

शेठ स्टुलावर बसले. भुजंग उभाच होता. त्याचं तोंड कसं झालं असेल ते काकासाहेबांना कळायला मार्ग नव्हता, त्यांच्यापुढं पांढऱ्या धोतराची कड आणि मधोमध डाग.

"दोन वर्षं," भुजंग म्हणाला. "मंग आम्ही खिडकीत बोलायचो ते?"

"तुम्ही बोलायचे तेच मी टाकायचो."

"न बघता?"

"न बघता."

आता हा विरघळेल, जवळ येईल, निदान एखादी शिवी तरी हासडेल, अशी काकासाहेबांची अटकळ. भुजंगानं यातलं काही केलं नाही. तो बोलला तेव्हा त्याचा फटकळपणा कुठल्या कुठं गेला होता.

"मागल्या होळीला मी हरभरा घेऊन आल्तो. रिकाम्या ट्रॉलीचं वजन चौतीस साठ होतं. मी चौतीस दहा बोललो. तेवढाच माल पन्नास किलोनं वाढतो, बघावं म्हणलं. तू डब्याकडं बघितलंस, मंग माझ्याकडं बघून हसलास, अन् चौतीस दहा छापून दिलंस."

काकासाहेबांना हसलेलं आठवत नव्हतं. पण हसले असतील. दिसायचं नाही तेव्हापासून ते सगळ्यांकडंच बघून हसायचे.

"मला वाटलं तुला दिसलं," भुजंग म्हणाला. "दिसलं, अन् सोडून दिलंस. त्या दिवसापासून मला ठाऊक, हा काटा वाकतो म्हणून. माझ्यासाठी वाकला तो व्यापाऱ्यासाठी बी वाकंल. म्हणून तर मोंढ्यात तसं बोललो."

बाहेर पत्र्यावर एक गाडी येऊन उभी राहिली. कुणी तिकडं बघितलं नाही. काकासाहेब चाचपत खुर्चीत बसले. त्यांना वाटलं होतं की सांगून टाकलं की डोकं हलकं होईल, गुंता सुटेल. इथं तर दुसराच गुंता निघाला. रामराव, कारभारी, मंठ्याचे ते दोघे भाऊ, दर हंगामात लांबचा काटा सोडून इथं येणारे सगळे एकेक करून त्यांच्या डोक्यातून जायला लागले. असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, असं ते म्हणायचे तेव्हा त्यांच्या आवाजात कौतुक होतं का दबलेलं हसू? त्यांनी आठवून बघितलं. आवाज आठवले, पण कुठला कसा होता ते सांगता येईना.

"अजून कुणाकुणाला तसं वाटलं असंल रे?" त्यांनी विचारलं.

"मला काय ठाऊक," भुजंग म्हणाला. "आपण होऊन कोण सांगंल?"

काकासाहेबांनी मान शेठच्या बाजूला वळवली. "शेठ, या दोन वर्षांत आपल्या काट्यावर गाड्या दीडपट झाल्या. त्या कशानं वाढल्या असतील?"

मूलचंद शेठकडं धंद्यातल्या प्रत्येक चढउताराचं कारण तयार असायचं. आज त्यांनी रुचिकडं बघितलं, स्टुलावरून उठले, आणि बाहेर उभ्या गाडीचा लाल आकडा स्वतःच वाचायला डब्यापुढं वाकले.